घटक ४ : सेनापती बापट – एका विद्यार्थ्याची जडणघडण

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• पांडुरंग महादेव बापट यांच्या विद्यार्थिदशेतील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• नेमलेला अभ्यासक्रम आणि त्याच्या ओघात घडणारी व्यक्तीची वाढ यांतील नाते स्पष्ट करता येईल.
• मुळशी सत्याग्रहाची कारणे, त्याचे स्वरूप व परिणाम थोडक्यात मांडता येतील.
• चरित्रनायकाच्या यशापयशाचे मूल्यमापन कोणत्या कसोट्यांवर करावे, याविषयी स्वतःचे मत बनवता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकी काहींच्या परिचयाचा असेल. पौड मागे पडल्यावर काही अंतराने डोंगरांच्या कुशीत पसरलेला मुळशीचा जलाशय दिसू लागतो. पावसाळ्यानंतर त्याची शोभा पाहण्यासाठी पुष्कळ लोक तेथे थांबतात. या पाण्याखाली एकेकाळी आंबेमोहोर भाताची खाचरे होती, देवळे होती, नांदती गावे होती, हे मात्र थांबणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ती गावे वाचावीत म्हणून जे आंदोलन झाले, ते मुळशी सत्याग्रह या नावाने इतिहासात ओळखले जाते. त्या आंदोलनाने पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती हे नाव दिले.

सेनापती बापट हे नाव आपण रस्त्यांच्या पाट्यांवर वाचतो. त्यांचा क्रांतिकारक म्हणून किंवा सत्याग्रही म्हणून परिचय करून देणारे लेखन मराठीत आहे. या घटकात मात्र आपण त्यांच्याकडे एक विद्यार्थी म्हणून पाहणार आहोत. शिष्यवृत्ती मिळवून परदेशी गेलेला, यंत्रविद्येचा अभ्यासक्रम शिकू लागलेला आणि त्या अभ्यासक्रमाच्या काळातच आमूलाग्र बदललेला हा विद्यार्थी पुढे अभियंता झाला नाही. एवढ्यावरून त्याचे शिक्षण वाया गेले असे म्हणायचे का, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

हा प्रश्न तुमच्याशीही संबंधित आहे. मुक्त विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्यांपैकी अनेकांचे शिक्षण पूर्वी कधीतरी मध्येच थांबलेले असते. कोणी घरच्या जबाबदारीमुळे थांबलेले असते, कोणी नोकरीमुळे, कोणी लग्नामुळे. अशा वेळी मधली वर्षे रिकामी गेली असे आपण सहज समजतो. बापटांचे चरित्र वाचताना ही समजूत तपासून पाहावी.

४.२ विषय विवेचन

४.२.१ पारनेर ते डेक्कन कॉलेज

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची परिस्थिती साधारण होती. मुलगा बुद्धिमान होता. त्या काळी सामान्य कुटुंबातील हुशार मुलासमोर एकच मळलेली वाट असे. गावची शाळा, मग मोठ्या गावातील इंग्रजी शाळा, मॅट्रिक, कॉलेज आणि शेवटी सरकारी नोकरी किंवा वकिली. पांडुरंगाची पावले आरंभी याच वाटेने पडत होती. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयातील नैपुण्याबद्दल दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. तिच्यामागे लागून अनेक विद्यार्थी रात्रीचा दिवस करीत, यावरून तिचे मोल ध्यानात यावे.

पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. एकोणिसावे शतक संपत असतानाचे पुणे अस्वस्थ होते. प्लेगच्या साथीने शहर हादरले होते. प्लेग अधिकारी रँड याचा १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी केलेला वध आणि त्यांना झालेली फाशी या घटना ताज्या होत्या. कॉलेजच्या वर्गात इंग्रजी वाङ्मय व इतिहास शिकायचा आणि वर्गाबाहेर पडल्यावर त्याच इंग्रजांच्या राज्यातील दडपशाही पाहायची, अशा दुहेरी वातावरणात ही पिढी वाढत होती. याच काळात तरुण बापटांनी तलवारीवर हात ठेवून देशाच्या स्वातंत्र्यासाठी जीवन वाहण्याची शपथ घेतली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. शपथ घेतल्यावर त्यांनी अभ्यास सोडून दिला नाही. ते बी.ए. झाले आणि १९०४ मध्ये मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून यंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी विलायतेस गेले. शपथ आणि शिष्यवृत्ती या दोन गोष्टी एकाच ट्रंकेत घालून हा विद्यार्थी बोटीवर चढला होता. या दोहोंत कधीतरी संघर्ष होणार, हे उघड होते.

४.२.२ एडिंबरो : अभ्यासक्रम आणि त्याबाहेरचे शिक्षण

स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील हेरियट-वॅट कॉलेजात बापटांनी प्रवेश घेतला. वाफेच्या यंत्रात मूलगामी सुधारणा करणाऱ्या जेम्स वॅटचे नाव या संस्थेशी जोडलेले आहे. ती मुळात कामगार व कारागीर यांना शास्त्राचे शिक्षण मिळावे म्हणून १८२१ मध्ये स्थापन झाली होती. दिवसा काम करून संध्याकाळी शिकणाऱ्या प्रौढांसाठी निघालेली ही शाळा पुढे मोठे कॉलेज बनली. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना या योगायोगाचे कौतुक वाटावे.

संस्कृतचा शिष्यवृत्तिधारक विद्यार्थी यंत्रशास्त्राकडे वळला, ही विद्याशाखेतील मोठी उडी होती. भाषेच्या अभ्यासात शब्द कोठून आला हे शोधावे लागते, तर यंत्राच्या अभ्यासात शक्ती कोठून येते आणि कोठे जाते हे पाहावे लागते. बापटांनी पुढे शक्तीविषयीचा हाच प्रश्न समाजाला लावला, असे त्यांचे चरित्र वाचताना जाणवते. राज्याचे बळ कोठून येते? ते कोणाच्या श्रमावर चालते? त्याचे फळ कोणाकडे जाते?

एडिंबरोत अभ्यासक्रमाबरोबर त्यांचे दुसरेही शिक्षण सुरू झाले. ते तेथील रायफल क्लबमध्ये नेमबाजी शिकले. तेथील राजकीय सभांना जाऊन त्यांनी इंग्रजांचे सार्वजनिक जीवन जवळून पाहिले. आपल्या देशात नागरिकाचे हक्क जपणारा इंग्रज हिंदुस्थानात मात्र तेच हक्क नाकारतो, ही विसंगती मायदेशात ऐकून माहीत होती. आता ती डोळ्यांनी दिसली. परदेशगमनाने विद्यार्थ्याला नवी माहिती मिळतेच. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, त्याला आपला देश लांबून दिसतो.

याच जाणिवेतून बापटांनी हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यकारभारावर कठोर टीका करणारे भाषण जाहीरपणे केले. त्याचा परिणाम ठरलेला होता. त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली.

हा प्रसंग नीट समजून घेतला पाहिजे. शिष्यवृत्ती हा त्या काळी गरीब विद्यार्थ्याचा एकमेव आधार असे. घरापासून हजारो मैलांवर, थंडीच्या मुलखात, हाती पैसा नसताना तो आधार सुटणे म्हणजे काय, याची कल्पना तुम्ही करू शकाल. गप्प राहिले असते तर अभ्यासक्रम पुरा झाला असता, मानाची नोकरी मिळाली असती, पारनेरच्या घराला सुख लाभले असते. परीक्षेत विचारला न गेलेला असा हा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर बापटांनी स्वतःच्या भवितव्याची किंमत मोजून दिले.

पुढे ते लंडनला आले. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांनी स्थापन केलेल्या इंडिया हाऊसशी त्यांचा संबंध आला. तेथे विनायक दामोदर सावरकर व इतर तरुणांचा सहवास त्यांना लाभला. नंतर बाँब तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी ते पॅरिसला गेले. बंगालमधून आलेले हेमचंद्र दास हेही तेथे त्याच विद्येच्या शोधात होते. रशियन क्रांतिकारकांकडून मिळालेली माहिती घेऊन बापट १९०८ मध्ये मायदेशी परतले. यंत्रशास्त्र शिकायला गेलेला विद्यार्थी स्फोटकांचे शास्त्र शिकून आला होता.

आपली प्रगती तपासा – १
१. बापटांना मॅट्रिकच्या परीक्षेनंतर कोणती शिष्यवृत्ती मिळाली?
२. हेरियट-वॅट कॉलेजची मूळ संस्था कोणासाठी स्थापन झाली होती?
३. बापटांची परदेशातील शिष्यवृत्ती कशामुळे बंद झाली?

४.२.३ अज्ञातवास आणि पारनेरचा झाडू

१९०८ च्या एप्रिलअखेर बिहारमधील मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस व प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्ड या न्यायाधीशाला मारण्यासाठी बाँब टाकला. न्यायाधीश त्या गाडीत नव्हताच. ज्यांच्याशी कोणाचे वैर नव्हते अशा दोन इंग्रज स्त्रिया त्यात मृत्यू पावल्या. त्यानंतर झालेल्या धरपकडीतून अलीपूरचा प्रसिद्ध खटला उभा राहिला. हेमचंद्र दास पकडले गेले. माफीच्या साक्षीदाराने दिलेल्या जबानीत बापटांचेही नाव आले आणि त्यांना भूमिगत व्हावे लागले.

सुमारे चार वर्षे ते नाव लपवून ठिकठिकाणी फिरत राहिले. १९१२ मध्ये इंदूर येथे त्यांना अटक झाली. पुढे सबळ पुराव्याअभावी त्यांची सुटका झाली, परंतु पोलिसांची पाळत सुटली नाही.

चरित्रकारांना सामान्यतः बाँब आणि अज्ञातवास यांचे आकर्षण अधिक असते. आपण मात्र सुटकेनंतरच्या पारनेरकडे लक्ष देऊ. विलायतेहून परतलेला हा विद्वान मनुष्य गावात झाडू घेऊन रस्ते झाडू लागला. शौचकूप साफ करू लागला. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते, त्यांच्या मुलांना शिकवू लागला. मुलगा झाला तेव्हा बारशाच्या निमित्ताने पहिली पंगत त्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांची बसवली. त्या काळच्या ब्राह्मण घरात ही गोष्ट सोपी नव्हती. सरकारविरुद्ध बाँब तयार करणाऱ्याचे लोक निदान मनातून कौतुक करीत. आळी झाडणाऱ्याचे कौतुक कोण करणार? तेथे आप्तेष्टांचा रोष आणि गावाची टवाळी सोसावी लागते.

या दोन कृतींमध्ये बापटांच्या वाढीचा एक मोठा टप्पा आहे. एडिंबरोच्या विद्यार्थ्याला अन्याय दिसला तो परक्या राज्यकर्त्यांचा. पारनेरच्या या गृहस्थाला अन्याय दिसला तो स्वतःच्या गावाचा, स्वतःच्या जातीचा. दुसऱ्याची चूक दाखवण्यास धैर्य लागते. आपल्या माणसांची चूक आपल्याच हातांनी निस्तरण्यास त्याहून निराळे धैर्य लागते. सफाईचे हे व्रत त्यांनी पुढेही सोडले नाही. मुंबईतील झाडूवाल्या कामगारांच्या संघटनेतही त्यांनी भाग घेतला.

याच वर्षांत त्यांनी लेखणीही चालवली. चित्रमय जगत हे मासिक आणि मराठा हे पत्र यांसाठी त्यांनी काम केले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कार्यातही ते काही काळ होते. मराठीचे विद्यार्थी म्हणून ही नोंद तुम्ही अवश्य ठेवावी. जगातील ज्ञान मराठीत आणण्याचा तो प्रचंड उद्योग होता. परदेशात मिळवलेल्या विद्येचा आपल्या भाषेशी असा सांधा जुळला.

४.२.४ मुळशीचा प्रश्न

आता आपण मुळशीकडे येऊ. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा मुसळधार पाऊस धरणांत साठवायचा, ते पाणी पश्चिमेस कोकणाच्या बाजूने खाली सोडायचे आणि त्यावर वीज निर्माण करायची, ही टाटांच्या जलविद्युत प्रकल्पांमागची कल्पना होती. लोणावळा परिसरातील पाण्यावर चालणारे खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले होते. मुंबईच्या गिरण्यांना आणखी वीज हवी होती. त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले.

या धरणामुळे मुळशी पेट्यातील सुमारे ५० गावांवर संकट येणार होते. तेथील मावळे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करीत आले होते. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. पूर्वसूचना न देता शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले, तेव्हा लोकांना येऊ घातलेल्या संकटाची जाणीव झाली. पुढे सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन खासगी कंपनीसाठी जमिनी घेतल्या.

या आंदोलनाचे अग्रणी विनायकराव भुस्कुटे होते. बापट त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. काळ या पत्राचे संपादक शिवराम महादेव परांजपे, शंकरराव देव यांच्यासारखी मंडळीही त्यात उतरली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागी जमले आणि कामाच्या ठिकाणी बसून राहिले. काम थांबले. जीव देऊ, पण जमीन देणार नाही, असा त्यांचा निर्धार होता.

भाषेच्या दृष्टीने येथे एक सूक्ष्म गोष्ट पाहा. धरण आणि धरणे हे दोन्ही शब्द धर या एकाच धातूपासून आले आहेत. पाणी धरून ठेवते ते धरण. मागणी मान्य होईपर्यंत जागा धरून बसणे म्हणजे धरणे. मुळशीच्या त्या माळावर एकाच धातूचे हे दोन अर्थ परस्परांसमोर उभे ठाकले होते.

४.२.५ मुळशीची शाळा

बापटांना मुळशीत विलक्षण स्थितीस तोंड द्यावे लागले. त्यांनी यंत्रशास्त्र शिकलेले होते. पाण्याच्या उंचीतून वीज कशी निर्माण होते, हे त्या जमावातील इतर कोणाहीपेक्षा त्यांना अधिक कळत होते. जे शास्त्र शिकण्यासाठी ते एडिंबरोला गेले होते, त्याच शास्त्राचा एक भव्य प्रयोग त्यांच्यासमोर मांडला जात होता. वाट बदलली नसती तर कदाचित अशाच एखाद्या प्रकल्पावर अभियंता म्हणून ते रुजू झाले असते. तसे न होता, ते खाचरांच्या बांधावर शेतकऱ्यांच्या रांगेत बसले.

यावरून ते यंत्राचे शत्रू होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आंदोलनाचा मुख्य आक्षेप, ज्याची जमीन त्याला न विचारता ती घेतली जाते, यावर होता. मुंबईतील गिरण्यांना मिळणाऱ्या विजेची किंमत मुळशीच्या कुळाने घरदार सोडून का द्यावी, हा प्रश्न त्यात होता. धरणे, खाणी, रस्ते यांच्या संदर्भात तोच प्रश्न आजही विचारला जातो. म्हणून मुळशी सत्याग्रहाला धरणग्रस्तांच्या आंदोलनांच्या इतिहासात अगदी आरंभीचे स्थान दिले जाते.

गावोगाव हिंडून, गाणी रचून, सभा घेऊन बापटांनी लोकांना धीर दिला. या भटकंतीत ते स्वतःही पुष्कळ शिकले असले पाहिजेत. बाँबची विद्या बंद खोलीत, मोजक्या विश्वासू माणसांत शिकायची असते. सत्याग्रहाची विद्या उघड्यावर, बायकामुलांसह, भीती वाटणाऱ्या सामान्य माणसांसोबत शिकावी लागते. पहिल्या विद्येत गुप्तता हे बळ असते, दुसरीत तीच दुबळेपणा ठरते. मुळशीतील आंदोलनात स्त्रियांनीही भाग घेतला व तुरुंगवास सोसला. आपल्या नेत्याला सेनापती हे नाव त्यांना मिळाले ते याच आंदोलनामुळे.

मराठीत पदवी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. विद्यापीठ देते ती पदवी आणि लोक प्रेमाने देतात तीही पदवीच. पहिलीसाठी परीक्षा ठरलेल्या दिवशी होते. दुसरीची परीक्षा केव्हा चालू आहे, हे परीक्षार्थ्याला कळतही नाही.

परंतु या शाळेतील सगळेच धडे सुखाचे नव्हते. मुळशीतील पुष्कळशी जमीन सावकारांकडे गेलेली होती. शेतकरी अनेक ठिकाणी कुळे म्हणून राबत होते. सावकाराला भरपाईच्या पैशाने समाधान होण्यासारखे होते, कारण त्याची पोटापाण्याची व्यवस्था अन्यत्र होती. कुळाला पैसा नको होता, जमीन हवी होती. या दोन हितसंबंधांची जोडी फार काळ टिकणे कठीण होते. १९२१ च्या अखेरीस सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले तेव्हा अटकसत्र वाढले, भरपाई स्वीकारणाऱ्यांची संख्याही वाढत गेली आणि आंदोलनाची शक्ती ओसरू लागली.

आपली प्रगती तपासा – २
१. मुळशी सत्याग्रह कोणत्या दिवशी सुरू झाला?
२. सावकार आणि कुळे यांच्या भूमिकांत कोणता फरक होता?

४.२.६ पराभव आणि मूल्यमापन

मुळशी सत्याग्रहात बापटांना तीन वेळा कारावास झाला. तिसऱ्या वेळचा प्रसंग सर्वांत गंभीर आणि वादाचा आहे. आंदोलन संपत आलेले असताना, १९२४ च्या अखेरीस, त्यांनी काही साथीदारांसह सशस्त्र होऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. या कृत्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. सिंधमधील हैदराबाद येथील तुरुंगातून ते १९३१ मध्ये सुटले. दरम्यान १९२७ मध्ये मुळशीचे धरण पूर्ण झाले आणि डोंगराखालच्या भिरा येथील केंद्रात वीज तयार होऊ लागली. सेनापती तुरुंगात असताना, ज्या खाचरांसाठी ते लढले ती पाण्याखाली गेली.

गाडी अडवण्याच्या या कृतीबद्दल अभ्यासकांत एकमत होणे कठीण आहे. महात्मा गांधींच्या विचारांनुसार सत्याग्रहात शस्त्राला स्थान नाही. बापटांना अहिंसेचे तत्त्व या टोकापर्यंत मान्य नव्हते. शुद्ध सत्याग्रहाची त्यांची स्वतःची कल्पना होती. सत्यासाठी प्रसंगी बळ वापरावे लागले तरी चालेल, मात्र ते उघडपणे वापरावे आणि त्याचे प्रायश्चित्त स्वतः भोगावे, असा तिचा रोख होता. एडिंबरोचा नेमबाज आणि पारनेरचा सेवक या दोघांचा पूर्ण समेट त्यांच्या मनात झाला नव्हता, असे यावरून म्हणता येईल. चरित्र वाचताना नायकाच्या अंगी असलेला असा न सुटलेला पेच झाकू नये. माणसाची वाढ सरळ रेषेत होत नाही. जुने संस्कार मागे टाकले असे वाटत असतानाच ते संकटाच्या क्षणी वर येतात.

तुरुंगातून सुटल्यावर बापट स्वस्थ बसले नाहीत. पुन्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांनी दीर्घ कारावास भोगला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. त्यानंतरही गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या आंदोलनांत वृद्धापकाळी ते उतरले. श्रीअरविंदांच्या प्रचंड तत्त्वज्ञानग्रंथाचा दिव्य जीवन हा मराठी अनुवाद त्यांनी केला. म्हणजे संस्कृतच्या शिष्यवृत्तीपासून सुरू झालेला विद्याव्यासंग शेवटपर्यंत चालू होता. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे परत या. बापटांचे शिक्षण वाया गेले का? नोकरी हे माप लावले तर उत्तर होय असे येईल. मुळशीच्या निकालाचे माप लावले तरीही तेच उत्तर येईल, कारण धरण झाले. परंतु शिकलेल्या माणसाने आपली विद्या कोणापुढे उत्तरदायी मानली, हे माप लावून पाहा. डेक्कन कॉलेजात ते देशाला उत्तरदायी झाले. पारनेरला ते गावाने दूर लोटलेल्यांना उत्तरदायी झाले. मुळशीत ते ज्यांची जमीन जाणार त्या अनोळखी शेतकऱ्यांना उत्तरदायी झाले. प्रत्येक टप्प्यावर हे वर्तुळ अधिक ठोस होत गेले. देश या मोठ्या शब्दाला चेहरे मिळत गेले. एका विद्यार्थ्याची वाढ म्हणतात ती हीच. तिची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत होत नाही, पण तिच्यावाचून गुणपत्रिकेला अर्थही येत नाही.

४.३ सारांश

पारनेरच्या सामान्य कुटुंबात जन्मलेले पांडुरंग महादेव बापट बुद्धीच्या बळावर शिष्यवृत्त्या मिळवून एडिंबरोपर्यंत पोहोचले. तेथील अभ्यासक्रमाच्या काळात त्यांची राजकीय जाणीव प्रखर झाली आणि स्पष्टोक्तीपायी त्यांनी शिष्यवृत्ती गमावली. बाँबविद्या, अज्ञातवास व अटक यांनंतर त्यांनी पारनेरात सफाई आणि अस्पृश्यतानिवारण यांचे काम हाती घेतले. १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रहात ते सेनापती झाले. आंदोलनाला यश आले नाही, तरी विकासाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न त्याने महाराष्ट्रापुढे ठेवला. बापटांच्या चरित्रातून औपचारिक अभ्यासक्रम आणि माणसाची आंतरिक वाढ यांच्यातील गुंतागुंतीचे नाते दिसून येते.

४.४ शब्दार्थ

पेटा – तालुक्याहून लहान असा महसुली विभाग.
मावळ – सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील खोऱ्यांचा प्रदेश; मावळतीकडील मुलूख.
खाचर – भातशेतीसाठी बांध घालून सपाट केलेली जमीन.
कूळ – दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडाने कसणारा शेतकरी.
माफीचा साक्षीदार – शिक्षेतून सूट मिळण्याच्या अटीवर साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी.
उत्तरदायी – जाब देण्यास बांधलेला.

४.५ आपली प्रगती तपासा : उत्तरे

प्रगती तपासा – १ : १. जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती. २. कामगार व कारागीर यांच्यासाठी. ३. हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यकारभारावर जाहीर टीका केल्यामुळे.
प्रगती तपासा – २ : १. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. २. सावकारांना भरपाईची रक्कम पुरेशी वाटण्यासारखी होती. कुळांना उपजीविकेसाठी जमीनच हवी होती.

४.६ स्वाध्याय

अ) पुढील प्रश्नांची उत्तरे सुमारे २० ओळींत लिहा.
१. एडिंबरो येथील वास्तव्यात बापटांच्या व्यक्तिमत्त्वात कोणते बदल झाले, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. पारनेरमधील सफाईचे कार्य हा बापटांच्या वाढीतील महत्त्वाचा टप्पा का मानावा?
३. गाडी अडवण्याच्या कृतीविषयी तुमचे मत साधकबाधक विचार करून मांडा.

आ) टीप लिहा.
१. मुळशी सत्याग्रहातील अंतर्विरोध
२. पदवी या शब्दाचे दोन अर्थ

इ) क्षेत्रीय कार्य
तुमच्या परिसरातील धरण, रस्ता किंवा कारखाना यांसाठी जमीन गेलेल्या एखाद्या वृद्ध व्यक्तीशी बोला. त्यांची हकिगत त्यांच्याच बोलीतील शब्द जपून दोन पानांत लिहा. लिहून झाल्यावर ती त्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून मगच संपर्कसत्रात सादर करा.